कोविड संपला, मग मी अजून दमलेली का?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव आणि गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठे आहे, त्यातील आवश्यक भाग असा :

“मी एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. नोकरीला सतरा वर्षे झाली. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे मी कोविड अतिदक्षता विभागात काढली. दुसऱ्या लाटेत एका रात्री ऑक्सिजनचा दाब उतरला. टँकर वाटेत होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी एकेका बेडचा फ्लो कमी करत गेले. नऊ नंबरच्या बेडवरच्या काकांनी विचारले, ‘सिस्टर, हवा का कमी केली?’ मी म्हणाले, ‘काका, मशीन सेट करतेय.’ पहाटे ते गेले. सकाळी त्यांच्या मुलाने गेटवर विचारले, ‘बाबांना त्रास झाला का हो?’ मी म्हणाले, ‘नाही, झोपेतच गेले.’ ही दोन खोटी वाक्ये माझ्या डोक्यातून जात नाहीत. आता रुग्ण दगावला तरी मला काही वाटत नाही. नातेवाइकांवर खेकसते. मुलगी जवळ आली की हात आपोआप तिला दूर सारतो. झोपेसाठी कधी कधी अल्प्राझोलामची गोळी घेते. सकाळी जागच येऊ नये असेही मनात येते. नवरा म्हणतो, ‘कोविड कधीच संपला, तू अजून तेच धरून बसलीस, आणि सरकारी नोकरी कोणी सोडते का?’ मी कठोर झाले आहे का? राजीनामा द्यावा का? त्या मुलाला शोधून खरे सांगावे का?”

प्रिय सिस्टर,

मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे सरकारी रुग्णालयांत काम केले आहे. तुम्हाला ‘सिस्टर’ म्हणण्याची सवय तिथूनच लागली. तुमच्या तीन प्रश्नांकडे येण्याआधी पत्रातल्या एका वाक्यापाशी मला थांबायचे आहे. ‘सकाळी जागच येऊ नये’ हे तुम्ही इतर तक्रारींच्या ओघात लिहून टाकले आहे, पण ते तसे ओलांडून जाण्यासारखे नाही. हा विचार वारंवार येत असेल, किंवा त्याच्याबरोबर स्वतःला इजा करण्याचा विचार एकदाही आला असेल, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही मानसिक आरोग्यासाठीची शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. ती चोवीस तास चालते, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. रात्रपाळीच्या मधल्या वेळेतही करता येण्याजोगा हा फोन आहे. तुमच्या हाताशी औषधे असतात आणि त्यांच्या मात्रा तुम्हाला पाठ असतात, म्हणून तुमच्या व्यवसायातल्या माणसाने असे लिहिले की मला अधिक काळजी वाटते.

आता पहिला प्रश्न. तुम्ही कठोर झालेल्या नाहीत. जे झाले आहे त्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. मराठीत त्याला सर्वमान्य शब्द नाही, मला ‘करपणे’ हा शब्द जवळचा वाटतो. दूध मंद आचेवर ठेवून कोणी लक्ष दिले नाही, तर ते आधी आटत जाते आणि मग तळाला लागते. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये ही अवस्था लिहून काढली, ती न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये पाहून, आणि त्या कार्यकर्त्यांत ते स्वतःही होते. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी लोकांच्या सेवेत असणाऱ्या कर्मचाऱ्यांशी बोलून तिची तीन अंगे मांडली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही तीच तीन अंगे आहेत : शक्ती संपल्याची जाणीव, कामापासून मनाने दूर जाणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे, आणि आपण कामात उणे पडतो असे वाटणे. त्या वर्गीकरणात याची नोंद रोग म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी अवस्था, अशी ती नोंद आहे. माझ्या दृष्टीने या व्याख्येत फार मोठा न्याय आहे, कारण ती आधी कामाच्या ठिकाणाकडे बोट दाखवते, कर्मचाऱ्याच्या स्वभावाकडे नाही.

रुग्ण दगावला तरी काही वाटत नाही, हे तुम्ही गुन्ह्याची कबुली द्यावी तसे लिहिले आहे. मनाला सोसण्याची मर्यादा असते. दररोज चार-पाच मृतदेह गुंडाळून, त्यांवर नावाच्या पट्ट्या लावून, मग हात धुऊन पुढच्या रुग्णाच्या नळीतला स्राव काढायला जावे लागते, तेव्हा मन स्वतःहून एक पडदा ओढून घेते. तो ओढला नसता तर तुम्ही तिसऱ्या दिवशीच कोसळला असता आणि उरलेल्या बेडवरच्या माणसांकडे पाहायला कोणी राहिले नसते. अडचण एवढीच की हा पडदा आपण ठरवून ओढलेला नसतो, त्यामुळे गरज संपल्यावर तो आपण सांगितले म्हणून उघडत नाही. मुळात निर्दय असलेली व्यक्ती ‘मी कठोर झाले का’ असे विचारत तीन पाने लिहीत बसत नाही.

मुलीला दूर सारणाऱ्या हाताविषयीही हेच सांगेन. तुमच्या पत्रात आहे की त्या काळात घरी आल्यावर तुम्ही मागच्या दाराने थेट न्हाणीघरात जात होता, कपडे गरम पाण्याच्या बादलीत टाकत होता आणि तेव्हा सात वर्षांची असलेली मुलगी खिडकीच्या गजांपलीकडून हाका मारत असे. चौदा महिने तुम्ही स्वतःच्या हाताला एकच गोष्ट शिकवली : ती जवळ आली की तिला मागे सार. ते शिकवले मायेपोटीच. हात ते शिकला आणि अजून विसरलेला नाही. मुलगी आता बारा वर्षांची आहे, तिला हे कळेल. ‘तू जवळ आलेली मला आवडते, पण तेव्हाची सवय अजून गेलेली नाही, आपण दोघी मिळून ती घालवू,’ असे तिला सरळ सांगा. रोज रात्री तिची वेणी घालण्याइतका, ठरलेल्या वेळचा, छोटा स्पर्श पुन्हा सुरू करा. स्वतःहून माया दाटून येण्याची वाट पाहू नका. हात आधी सरावतो, मन मागून येते.

नवऱ्याच्या म्हणण्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे, म्हणून त्याला उत्तर देते. संकट गेल्यावरही थकवा का जात नाही? कारण संकट गेले तेव्हा विश्रांती आलीच नाही. तुमच्याच शब्दांत, सुरुवातीला सात दिवस ड्युटी आणि मग विलगीकरणाचे दिवस मिळत होते, दुसऱ्या लाटेत तेही बंद झाले. त्यानंतर लसीकरण आले, मग रखडलेल्या शस्त्रक्रियांची गर्दी आली, मग कंत्राटी सहकाऱ्यांच्या नेमणुका संपल्या आणि त्यांचे काम उरलेल्यांवर पडले. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. त्या काळात तुमच्याकडे रात्री आठ रुग्ण होते आणि आजही चार असतात. एका माणसाच्या अंगावर इतक्या वर्षांपासून चौघांचे काम असेल, तर तो का थकला याचे गूढ वाटायला नको. इतके दिवस तो उभा कसा राहिला, हेच विचारायला हवे.

याच्या भरीला तुम्हा सर्वांना ‘कोविड योद्धे’ म्हटले गेले. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी लोकांनी थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. त्यामागची भावना अनेकांच्या मनात खरी होती, हे मी मानते. पण त्याच महिन्यांत परिचारिकांना घरमालक खोली सोडायला सांगत होते. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले इतके वाढले होते की २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला साथरोग कायद्यात दुरुस्तीचा अध्यादेश काढून अशा हल्ल्यासाठी तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर दुखापत झाल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली. माझे स्पष्ट मत आहे की ‘योद्धा’ या शब्दाने तुमचे नुकसान केले. योद्ध्याने दमायचे नसते, सुट्टी मागायची नसते, पगार थकला तर बोलायचे नसते. ज्या आशाताईंनी गल्लोगल्ली फिरून तापमान आणि ऑक्सिजन मोजला, त्या राज्यातल्या हजारो आशांना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संपावर जावे लागले, तेव्हा त्या फुलांचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

आता त्या रात्रीविषयी. तुमच्या पत्राचा खरा गाभा तिथे आहे असे मला वाटते.

कामाच्या ओझ्याने करपणे वेगळे आणि त्या रात्री जे झाले ते वेगळे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना दुसऱ्या प्रकारच्या दुखण्याला नाव दिले, त्याला आपण नैतिक जखम म्हणू. आपल्या हातून, किंवा आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या सदसद्विवेकाला न पटणारे काही घडते, आणि ते घडू नये यासाठी आपल्या हाती काहीच नसते, तेव्हा ती होते. रजा घेतल्याने थकवा उतरेल, ही जखम रजेने भरत नाही. महासाथीनंतर अनेक परिचारिकांना आणि तरुण डॉक्टरांना दोन्ही एकाच वेळी झाले, आणि दोन्हींना ‘स्ट्रेस’ म्हणून एकच गोळी मिळाली. म्हणून ही दोन दुखणी वेगळी ओळखणे गरजेचे आहे.

त्या दिवसांत काय परिस्थिती होती ते आठवा. १९ एप्रिल २०२१ रोजी सात रिकामे टँकर रेल्वेच्या मालगाडीवर चढवून कळंबोलीहून विशाखापट्टणमला पाठवावे लागले, आणि ते भरून नागपूर-नाशिकपर्यंत पोचायला चार-पाच दिवस गेले. महाराष्ट्रासारख्या राज्याला प्राणवायू आणण्यासाठी बंगालच्या उपसागरापर्यंत जावे लागत होते. तुमच्या वॉर्डातल्या भिंतीवरच्या फ्लोमीटरवर, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करण्याच्या उपकरणावर, तुमचा हात होता हे खरे आहे, पण त्या नळीच्या दुसऱ्या टोकाची टाकी रिकामी होत होती. तिच्यात किती द्रवरूप ऑक्सिजन असावा, राखीव सिलिंडर किती असावेत, टँकर केव्हा निघावा, यांतले काहीही तुमच्या अखत्यारीत नव्हते. तुम्ही फ्लो कमी केला नसता तर दाब आणखी उतरून सगळेच बेड एकदम कोरडे पडण्याचा धोका होता. तुमच्या डॉक्टरांनी तो विचार करून आदेश दिला, तुम्ही तो पाळला. त्या काकांचा मृत्यू एका आजाराने आणि एका टंचाईने झाला. तो तुमच्या हाताने झाला असे म्हणणे खरे नाही. मी हे तुमची समजूत काढण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या पत्रातली माहिती मी दोनदा वाचली आणि एका अतिदक्षता तज्ज्ञ सहकाऱ्याला, तुमची ओळख न देता, विचारूनही घेतले.

खोटे बोलण्याविषयी मात्र मी तुम्हाला ‘ते खोटे नव्हतेच’ असे सांगणार नाही, कारण ते तुम्हाला पटणार नाही. ‘मशीन सेट करतेय’ हे खरे नव्हते. पण दम लागलेल्या माणसाला ‘ऑक्सिजन संपत आला आहे’ असे सांगितले असते तर त्याचा श्वास भीतीने आणखी वेगाने चालला असता आणि त्याची गरज आणखी वाढली असती. तुम्ही जे सांगितले ते शब्दाने खोटे आणि हेतूने शुश्रूषा होती. दुसरे वाक्य तुम्ही गेटवर, पीपीई किट उतरवून दहा मिनिटेही झाली नसताना, आठ तास पाणी न प्यालेल्या तोंडाने उच्चारले. त्यात एका मुलाला सांभाळण्याची इच्छा होती, आणि कदाचित लवकर आत निघून जाण्याचीही होती. दोन्ही असू शकतात आणि दोन्ही क्षम्य आहेत.

मग त्या मुलाला शोधावे का? माझे उत्तर : आज नाही, आणि तुमच्या मनावरचे ओझे उतरवण्यासाठी तर मुळीच नाही. इतक्या वर्षांत त्याने वडिलांच्या मृत्यूशी आपल्या परीने काही जुळवून घेतले असेल. अनोळखी फोनवरून येणारे सत्य त्याच्या पदरात नवे दुःख टाकील, आणि तेव्हा त्याला सांभाळायला तुम्ही तिथे नसाल. तो स्वतःहून कधी विचारत आला, तर मात्र खरे सांगा, आणि त्या वेळी तुमच्याबरोबर एखादे ज्येष्ठ डॉक्टर किंवा परिसेविका असू द्या. तोपर्यंत ही हकिगत तुम्ही एका माणसाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची आहे. मला लिहिलीत ती सुरुवात झाली, पण पत्रात तुम्ही ती चार ओळींत उरकली आहे. समोर बसून, न उरकता, काकांचा चेहरा कसा होता इथपर्यंत सांगावी लागेल. त्या रात्री पाळीत तुमच्याबरोबर असलेली सहकारी आजही त्याच रुग्णालयात आहे असे तुम्ही लिहिता, आणि तुम्ही दोघी त्याबद्दल कधीही बोललेल्या नाहीत. माझा अंदाज आहे की तीही हेच घेऊन फिरते आहे.

आता राजीनामा. करपलेल्या अवस्थेत एवढा मोठा निर्णय घेऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे. सोडायचीच नाही असे नव्हे. सतरा वर्षे सेवा केलेल्या माणसाला थांबण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्यात कोणतीही प्रतारणा नाही. पण तुमच्या खात्यावर अर्जित रजा दोनशे दिवसांच्या वर साठली आहे असे तुम्ही लिहिले आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजाही मिळते, आणि मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत वापरता येणारी १८० दिवसांची बालसंगोपन रजा राज्य शासनाने २०१८ पासून दिलेली आहे. त्यातली किमान सहा आठवडे रजा आता घ्या. ती रजा सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला, मुलीच्या परीक्षेला किंवा दिवाळीच्या साफसफाईला बांधून टाकू नका. आपल्याकडे बाईची रजा म्हणजे घराची सोय, असे समीकरण फार पक्के आहे. पहिले दोन आठवडे फक्त झोपेचे आहेत असे घरात आधीच सांगून ठेवा. परत जाताना अतिदक्षता विभागाऐवजी सहा महिने लसीकरण किंवा बाह्यरुग्ण विभाग लेखी मागा. मला कल्पना आहे की ‘तुमच्यासारखी अनुभवी सिस्टर बाहेर कशी पाठवू’ असे उत्तर मिळेल. ज्याला काम येते त्याला तिथून सुटका नसते. तरीही लेखी मागा, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा.

शपथेचा उल्लेख तुम्ही पत्रात दोनदा केला आहे : हातात दिवा घेऊन जी शपथ घेतली ती मोडली असे तुम्हाला वाटते. ती शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जात असली तरी त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट इथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली. खुद्द नाइटिंगेल क्रिमियन युद्धाहून परतल्यावर १८५७ पासून पुढे दीर्घकाळ आजारी होत्या आणि बहुतेक काम त्यांनी अंथरुणावरून केले. आणि ते काम कोणते? त्या युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांसाठी तुर्कस्तानात असलेल्या स्कुटारीच्या रुग्णालयात १८५४-५५ च्या हिवाळ्यात माणसे भराभर मेली, आणि वसंतात स्वच्छता आयोगाने गटारे साफ करून खेळती हवा आणल्यावर मृत्यू घटले, हे त्यांनी आकडे आणि आकृत्यांसह सरकारपुढे मांडले. परिचारिकांनी अधिक त्याग करावा, असा त्या आकृत्यांचा अर्थ नव्हता. इमारत आणि व्यवस्था बदला, असा होता. तुमच्या विभागात रात्री चार रुग्णांमागे एक परिचारिका असते, याची तारीखवार नोंद ठेवून ती संघटनेमार्फत वरिष्ठांना देणे, हाही मी उपचाराचाच भाग समजते. मात्र ते काम रजेनंतरचे आहे, आणि एकटीने करायचे नाही.

तुमच्या यजमानांनी हे वाचावे अशी माझी इच्छा आहे. ‘अजून तेच धरून बसलीस’ हे ते काळजीने म्हणत असतील, पण ते ऐकून तुम्ही बोलणे बंद केले. त्यांनी काही समजावू नये, उपाय सुचवू नयेत. त्या रात्री काय झाले ते फक्त एकदा विचारावे आणि पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.

शेवटी डॉक्टरांविषयी. झोप, भूक आणि जगण्याची इच्छा या तिन्हींवर परिणाम झाला असल्याने थकव्याच्या जोडीला नैराश्यही असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते पत्रावरून ठरवता येत नाही. तुमच्याच रुग्णालयातल्या मनोविकार विभागात गेले तर सगळ्या स्टाफला कळेल, ही तुमची भीती मी समजू शकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे गोपनीयता हा तुमचा हक्क आहे, पण हक्क असला तरी बाकावर बसलेले माणूस दिसते हेही मला माहीत आहे. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या एका डॉक्टरांचे नाव आणि भेटीची वेळ मी तुम्हाला स्वतंत्र पत्राने कळवली आहे. त्या स्वतः २०२१ मध्ये कोविड वॉर्डात होत्या, त्यामुळे फ्लोमीटर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागणार नाही. अल्प्राझोलामची गोळी किती दिवसांपासून आणि किती मात्रेत घेता, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. ती मनाने वाढवू नका, आणि हे वाचून एकदम बंदही करू नका. तिची सवय लागलेली असेल तर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते, आणि ते कसे करायचे हे त्या ठरवतील.